टॉवेलखाली काय दिसलं

इथे लोकांनी लिहिलेले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगू? निम्मे वाचून मला हसू येतं आणि उरलेले वाचून राग येतो. पिंपळाखालची बाई, मागून येणारी पावलं, आरशातला चेहरा... मी हायस्कूलला सायन्स शिकवलं आहे. भूत बघितलं म्हणणाऱ्या पोरीला मी वर्गात उभं करायचे आणि विचारायचे – उजेड कुठून येत होता? तू उपाशी होतीस का? दोन प्रश्नांत भूत पळायचं.

आणि हे काही नोकरीमुळे आलेलं शहाणपण नव्हे. छप्पन साली आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, भगत, अंगारे, धुपारे सगळं एका दिवसात बंद केलं. माझे बाबा तेव्हा ऐन तारुण्यात होते. आम्हा भावंडांच्या लहानपणी घरात कुणी नुसतं ‘बाहेरची बाधा’ म्हटलं तरी बाबा जेवणावरून उठायचे. त्यामुळे मी हे लिहिते आहे हे बाबांना आवडलं नसतं. पण ते आता नाहीत, दादाही परवाच्या साली गेला, आणि हे माझ्या एकटीजवळ ठेवून मला झोप लागेना, म्हणून लिहिते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, दशक संपत आलं होतं तेव्हाची. आमचं गाव कुंडलजवळ. मी लग्न होऊन सांगलीत होते. माझा मोठा भाऊ, मिलिंददादा, आर्मीत सिग्नलला, म्हणजे वायरलेसच्या कामाला होता. पेन्शन घेऊन आला आणि त्यानं सांगलीत स्टँडच्या मागच्या गल्लीत टीव्ही-व्हीसीआर रिपेअरचं दुकान टाकलं. सीझनला लग्नाचं शूटिंगही घ्यायचा. हात सोन्याचे, पण डोक्यात कायम काहीतरी किडा. सरळ चाललेली वस्तू त्याला बघवायची नाही.

एकदा मुंबईहून त्यानं काडेपेटीएवढा कॅमेरा आणला. बंगल्याच्या दाराला वगैरे बसवतात तसला, ब्लॅक अँड व्हाइट, आवाज नाही, नुसतं चित्र. दादानं तो शर्टाच्या बटणामागे बसवला, वायर बगलेतून मागे नेली आणि खांद्याला अडकवायच्या जुन्या व्हीसीआरला जोडली. मग हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते ओझं घेऊन गावभर हिंडायचा आणि संध्याकाळी टीव्हीवर स्वतःचाच दिवस बघत बसायचा! भाजीवाली, रिक्षावाला, पुलावरची गर्दी, दुकानातली गिऱ्हाइकं. म्हणायचा, “बघ सुजा, एक दिवस सगळी माणसं हे घालून फिरतील.”

“दुसरं काम नसलं तर फिरतील,” मी म्हटलं.

पहिले काही दिवस सगळ्यांना मजा वाटली. मग समोरचा चहावाला दादा आला की पाठ फिरवून चहा गाळायला लागला. गिऱ्हाइकं दुकानात हळू बोलायला लागली. आणि एक दिवस तो कॅमेरा घरात आला. मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात मला तिच्या माहेरचं काहीतरी सांगत होती, सांगता सांगता तिला रडू आलं. मधेच दादा आला, माठातलं पाणी प्यायला आणि गेला. संध्याकाळी शेजारची दोन माणसं टीव्हीसमोर बसलेली असताना पडद्यावर वहिनी आली – पदरानं डोळे पुसताना. मोठी, टीव्हीभर.

वहिनी उठली आणि तिनं स्विच बंद केला.

“उद्यापासनं ते घालून चुलीपाशी आलासा तर जेवान दुकानात,” ती म्हणाली.

“आगं, आवाज कुठं येतोय त्यात?”

“तोंड दिसतंय की माजं!”

दादाला त्यात काय चुकलं ते तेव्हा तरी कळलं नाही. त्याचं एकच म्हणणं – ज्यानं काही वाईट केलं नाही त्यानं लपवायचं कशाला? हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा, आणि मला त्याचा संताप यायचा. वहिनीनं काय वाईट केलं होतं? रडलीच होती ना?

आता बाबांचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

बाबा जनावरांच्या बाजारात दलाल होते. आमच्याकडून एसटीनं तासाभरावर दर आठवड्याला मोठा बाजार भरायचा, गावाचं नाव मुद्दामच देत नाही. बैल घेणारा आणि बैल विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जमवायचा, हे बाबांचं काम. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो, टॉवेलखाली समोरच्याचा पंजा धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. चार बोटं धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच, असं. भोवती कितीही माणसं उभी असोत, आकडा फक्त त्या दोन हातांना ठाऊक. घेणाऱ्याची गरज किती, विकणाऱ्याची अडचण किती, हे चारचौघांत उघडं पडत नाही. टॉवेल त्यासाठीच असतो.

आणि आमच्यासाठी त्या टॉवेलला अजून एक अर्थ होता. गावात बाबांना अंगणाच्या बाहेरून हाक मारणारे, त्यांच्या हातात वस्तू ठेवायची झाली तर वरून टाकणारे बागायतदार बाजारात मात्र बाबांचा पंजा धरून उभे राहायचे. लोक त्यांना तात्या म्हणायचे. “तात्याच्या हातानं सौदा केला की घोर न्हाई,” असं म्हणणारी माणसं मी स्वतः ऐकली आहेत. बाबांना त्याचा फार अभिमान होता. घरी येऊन टॉवेल नीट घडी करून खुंटीला लावायचे. आईसुद्धा त्याला उगीच हात लावायची नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र बाजारात कुजबुज सुरू झाली. तात्याचा हात आता फिरतो म्हणे. आत एक सांगतो आणि बाहेर एक बोलतो. दोघा-तिघांनी अशी तक्रार केली होती. दलालाचं हातातलं आणि तोंडातलं वेगळं निघालं की तो संपला, मग त्याला बाजारात कुणी उभं करत नाही. बाबांच्या कानावर हे आलं, आणि आईनं मला निरोप धाडला – ह्यांचं जेवण कमी झालंय, छाती दुखती म्हणत्यात, येऊन जा.

दादा माझ्या आधी पोचला होता. त्यानं बाबांना सांगलीला आणून डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, काळजीनं होतंय. एवढं मला माहीत होतं. पुढे दादानं काय केलं ते मला नंतर कळलं.

बाबा पांढऱ्या शर्टावर बिनबाह्यांचं जाकीट घालायचे. दादानं त्या जाकिटाच्या सगळ्यात खालच्या बटणामागे तो कॅमेरा शिवला. आतल्या खिशात बॅटरी आणि स्वतः बनवलेला छोटा ट्रान्समीटर ठेवला, सिग्नलमधलाच माणूस तो. बाबांना सांगितलं, “डॉक्टरांनी दिलंय, छातीचे ठोके मोजायचं मशीन हाय. बाजाराच्या दिवशी काढायचं न्हाई.” बाबांनी विश्वास ठेवला. पोरगा सांगतोय म्हटल्यावर कशाला नाही ठेवणार? आणि दादा बाजाराच्या कडेला लिंबाखाली मॅटाडोर लावून, आत व्हीसीआर आणि छोटा टीव्ही घेऊन बसला. बापाचा प्रामाणिकपणा टेपवर पकडायला!

नेमकं त्याच दिवशी ते भांडण झालं.

जगूअण्णा म्हणून एक ऊसवाले होते, बडं प्रस्थ. लोणंदकडच्या एका शेतकऱ्यानं आणलेली खिलार जोडी त्यांना पसंत पडली. बाबांनी टॉवेल टाकला, अण्णांचा हात धरला, आकडा दिला. अण्णांनी मान हलवली. बाबांनी जाऊन विकणाऱ्याचा हात धरला, तोही तयार झाला. मग सौदा उघड करताना बाबा आकडा बोलले आणि जगूअण्णा भडकले. “तात्या, हातात दोन बोटं दिलीस आन् तोंडानं चार म्हनतोस? समद्या बाजारासमूर मला येडा बनवतोस व्हय?”

बाबा म्हणाले, “अण्णा, म्या चारच दिली.”

“माजी बोटं काय मेली हायत का?”

गर्दी जमली. बाजारातल्या जुन्या माणसांनी मध्ये पडून ठरवलं की पुढच्या बाजारी बसून याचा निकाल लावायचा. जुनी रीत अशी होती – दोघांनी सगळ्यांसमोर पुन्हा हात धरायचा, दलालानं त्या दिवशीचा आकडा पुन्हा द्यायचा, मग दोघांनी वेगवेगळं पंचाच्या कानात सांगायचं. आकडा जुळला तर दलाल सच्चा. नाही जुळला तर त्यानं टॉवेल खाली ठेवायचा, म्हणजे धंदा सोडायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा शाळेत फोन आला. “सुजा, दुकानात ये. आत्ता. एकटी ये.”

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दादाचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता – घाम आलेला, आणि सारखा दाराकडे बघत होता. त्यानं आधी सगळं कबूल केलं, कॅमेरा, जाकीट, डॉक्टरच्या नावावर सांगितलेलं खोटं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, “झालं बोलून? आता बघ.”

टेप सुरू केली. चित्र मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं, पण दिसत होतं. समोर जगूअण्णांचं धोतर, पोट. डाव्या बाजूला बैलाची पांढरी कूस, अगदी जवळ, बाबांना जवळजवळ चिकटून. मग वरून टॉवेल आला. बाहेर रणरणतं ऊन असल्यामुळे टॉवेलच्या आत अंधार नव्हता, दुधासारखा उजेड होता. त्यात बाबांचा उजवा हात पुढे गेला. समोरून अण्णांचा हात आला. बाबांनी त्यांची चार बोटं धरली. स्पष्ट. चार. मला हायसं वाटलं, मी दादाकडे बघून म्हणणार होते की अरे मग झालं की...

तेवढ्यात डावीकडून अजून एक हात आत आला.

मी लिहिताना थांबले आहे. कसं सांगू... तो हात घाईनं आला नाही. सवयीचा असल्यासारखा आला. बारीक होता, नखं वाढलेली, मनगटाच्या पुढे काही दिसत नव्हतं, कारण तिथे चित्राची कड होती. तो आधी बाबांच्या हातावर टेकला. नुसता टेकून राहिला, जसं आपण कुणाला धीर देताना ठेवतो तसा. मग बाबांनी बोटं सोडली आणि त्या हातानं अण्णांची दोन बोटं धरली. दाबली. सोडली. आणि आला तसा गेला. टॉवेल निघाला. डावीकडे तीच बैलाची कूस, माशा हाकलायला थरथरणारी.

“परत लाव,” मी म्हणाले.

आम्ही ते किती वेळा पाहिलं सांगता येणार नाही. मग माझ्यातली सायन्सची बाई जागी झाली. जुन्या टेपवर रेकॉर्ड केलंय, आधीचं चित्र खाली राहिलं असेल? टेप नवी होती, वेष्टन कचऱ्याच्या डब्यातच होतं. दुसऱ्या कुठल्या स्टेशनचं चित्र मिसळलं? मग ते टॉवेलच्या आतच, नेमकं बोटांवर कसं बसेल? कुणीतरी बाजूनं हात घातला? मी दुकानातला टॉवेल घेतला, दादाला समोर उभं केलं, डावीकडे एक कपाट सरकवून त्याला बैल मानलं, आणि मधून हात घालून पाहिला. माणूस उभा राहायलाच जागा नव्हती. बैलाच्या पोटातून हात आला तरच!

बाबांचा स्वतःचा डावा हात? टेपवर बाबांचा डावा हात वर, टॉवेलचं टोक धरून होता. टॉवेल टाकताना तो दिसत होता, काढताना दिसत होता. अण्णांच्या डाव्या हातात छत्री होती.

टेप पुढे पळवली. त्या दिवशी बाबांनी केलेल्या प्रत्येक सौद्यात तो हात होता. बाकीच्या वेळी त्यानं काही केलं नव्हतं. नुसता बाबांच्या हातावर येऊन टेकला होता.

मला भीती वाटली. साधी, लहान पोरीसारखी. दुपारची वेळ, बाहेर स्टँडवरच्या गाड्यांचे आवाज, आणि मी दादाचा दंड धरून बसले होते.

दादा म्हणाला, “पंचांना दावूया टेप. बाबांनी चारच दिली हे दिसतंय की.”

“आणि तो हात?”

“त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. बाबा तर सुटतील.”

“दादा, टॉवेलच्या आत बघणारं यंत्र तात्याच्या अंगावर आहे हे कळल्यावर परत कोण हात देईल त्यांना? आणि आपल्याच माणसाच्या टॉवेलात असलं काही निघालं म्हटल्यावर गाव काय म्हणेल? करणी म्हणेल. एवढी वर्षं त्यासाठीच टपून बसलेत काहीजण.”

दादाचं एवढंच म्हणणं होतं की बाबांवरचा डाग धुतला गेला पाहिजे. माझंही तेच होतं. पण डाग धुवायला टेप दाखवली तर बाबांचं सगळंच जात होतं, आणि नाही दाखवली तर जगूअण्णा पुन्हा ‘दोन’ म्हणणार होते. आणि त्यांना खरंच दोन लागली होती! ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गावी घरी पोचलो. बाबा निघायच्या तयारीत होते. जाकीट अंगात, टॉवेल खांद्यावर. मी दादाला म्हटलं, तू सांगतोस की मी सांगू? दादानं खाली मान घालून सांगितलं. डॉक्टरचं मशीन नव्हतं, कॅमेरा होता, टॉवेलच्या आतलं सगळं दिसलं.

बाबांनी एकेक बटण काढलं. जाकीट काढून दादाच्या हातात दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“बाबा, तुमच्यासाठीच केलं मी,” दादा म्हणाला.

“माज्यासाठी करायचं हुतं तर मला इचारायचं हुतंस.” मग टॉवेल खांद्यावर सारखा करत, “उभा जन्म लोकांनी मला हात दिला, आत न बघता. तू माजा असून बघितलंस.”

दादा रडायला लागला. रडत रडतच म्हणाला, “बाबा, पन तुमी चारच दिली हुती. आनि आत अजून एक...”

“काय दिसलं ते मला सांगू नगंस,” बाबा म्हणाले. “ज्येचं हाय त्येच्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

आम्ही दोघं त्यांच्याबरोबर एसटीनं गेलो. जनावरांच्या बाजारात बाया जात नाहीत, माझ्याकडे सगळे वळून बघत होते, पण मी हललेच नाही. लिंबाच्या झाडाखाली पंच बसले होते. गर्दी झाली होती. जगूअण्णा पुढे आले, छत्री मिटून काखेत. बाबा नुसत्या शर्टावर, जाकिटाशिवाय एकदम म्हातारे दिसत होते.

बाबांनी टॉवेल टाकला. दोघांचे उजवे हात आत गेले. बाबांच्या डाव्या हातात टॉवेलचं टोक. जगूअण्णांचा डावा हात कमरेवर. डावीकडे कुणी नव्हतं, बैलसुद्धा नाही, मोकळी जमीन आणि ऊन. मी डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. आत काय चाललं असेल ते त्या गर्दीत आम्हा दोघा भावंडांनाच माहीत होतं.

जगूअण्णांच्या तोंडावर आधी नुसता ताठा होता. मग कपाळाला आठ्या पडल्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, “तात्या... दुसरा हात काढ.”

बाबांना कळलं नाही. त्यांनी डावा हात टॉवेलच्या टोकासकट वर करून दाखवला. “ह्यो काय हितं.”

सगळ्यांनी पाहिलं. मग सगळ्यांनी जगूअण्णांचा कमरेवरचा डावा हात पाहिला. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खाली टॉवेलकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता हे टॉवेल उचलणार. उचलला असता तर काय दिसलं असतं, कुणास ठाऊक. पण त्यांनी नाही उचलला. एवढा मोठा माणूस, टॉवेलला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही. हात ओढून घेतला आणि धोतराला पुसत राहिले.

मुख्य पंच म्हणाला, “अण्णा, आकडा सांगा.”

अण्णा पंचाच्या कानाशी वाकले. मग बाबा वाकले. पंचानं दोघांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, “जुळलं. तात्या सच्चा हाय.”

गर्दीत एकदम गलका झाला. कुणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली. दादानं माझा हात घट्ट धरला. जगूअण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “माजीच चूक झाली. तात्याचा हात सच्चा हाय.” अण्णांना खरंच चार लागली की भीतीनं त्यांनी चार म्हटलं, मला माहीत नाही.

आम्ही एसटी स्टँडकडे निघालो. बाबा पुढे चालत होते, पाठ ताठ, टॉवेल खांद्यावर, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. मागून कुणी तरी घाईघाईनं आलं. जगूअण्णा. एकटेच. त्यांनी बाबांना रस्त्याच्या कडेला बोलावलं. आम्ही दोघं मागेच थांबलो, पण ऐकू येत होतं.

“तात्या, खरं सांग. त्यो हात कुनाचा हुता?”

“कुठला?”

“तुज्या हातावर हुता त्यो. मागल्या बारीला बी हुता. लय गार हुता गड्या.”

बाबा अगदी सरळपणे म्हणाले, “त्यो व्हय? त्यो तर कायमच असतोय. पयल्या सौद्यापासनं.” आणि जरा हसून, “मला वाटायचं त्यो तुमचाच. तुमा लोकांचा. मला वाटायचं, दोन्ही हातांनी धरत्यात मला... मानानं.”

जगूअण्णांनी मान हलवली. “न्हाई तात्या. आमी एकच हात देतो.”

एवढं बोलून ते वळले आणि झपझप निघून गेले. बाबा तिथेच उभे राहिले. दादा पुढे गेला, त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी स्वतःचा उजवा हात वर करून बघितला, पुढून, मागून. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर मला समजावता आलं असतं.

पंचांनी सच्चा ठरवलेला माणूस, पण त्यानंतर बाबा त्या बाजारात उभे राहिले नाहीत. लोक घरी बोलवायला आले, जगूअण्णांनीही निरोप पाठवला. बाबा म्हणायचे, आता होत नाही. दादानं तो कॅमेरा विकला. पुन्हा कधी कुणाच्या अंगाला लावला नाही, स्वतःच्याही नाही. टेप माझ्याकडे आहे. बाबा गेल्यानंतर एकदाच लावून पाहिली, हात आहे तसाच आहे.

तो कुणाचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी वर्गात विचारायचे ते सगळे प्रश्न स्वतःला विचारून झाले, उजेड कुठून येत होता तेसुद्धा. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. एवढं मात्र मी पाहिलं आहे की त्या दिवशी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून बाबांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि कुंडल येईपर्यंत काढला नाही. आणि आम्ही दोघांनीही तो बाजूला करून पाहिलं नाही.